प्रस्तावना : चौसष्ट आकडे, एक तार

पॅनासॉनिकच्या ग्रिड-आय मालिकेत एएमजी८८३३ नावाचा एक उष्णता-सेन्सर आहे. बोटाच्या पेराएवढ्या त्या तुकड्यात आठ ओळी आणि आठ रकाने असे चौसष्ट ठिपके असतात. समोरच्या दृश्यातल्या चौसष्ट जागांचे तापमान तो सेकंदाला दहा वेळा सांगतो. खोलीत माणूस शिरला की पडद्यावर एक उबदार डाग सरकताना दिसावा, एवढी त्याची नजर. विद्यार्थ्यांना तो हातात आला की सुरुवात झकास होते. सेन्सर जोडला, बोर्डावर नमुना प्रोग्रॅम चढवला, सिरियल मॉनिटरवर एक आकडा उमटला, आनंद झाला. मग चौसष्टच्या चौसष्ट आकडे संगणकाकडे न्यायची वेळ येते आणि चित्र विस्कटते. डाग मध्येच उडी मारतो, डावीकडचा माणूस उजवीकडे दिसतो, हात हलवल्यावर पडदा बऱ्याच वेळाने हलतो. सेन्सर ठीक असतो, संगणकही ठीक असतो. घोळ असतो तो मधल्या हातभर तारेविषयी आपण जे गृहीत धरून बसलो त्यात.

हे पुस्तक त्या हातभर तारेबद्दल आहे. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर चालणाऱ्या सेन्सर-नोडमधून आकड्यांचा अख्खा अ‍ॅरे संगणकापर्यंत कसा न्यायचा, आणि पोचलेला अ‍ॅरे निघालेलाच आहे याची खात्री कशी करून घ्यायची, एवढाच त्याचा विषय. प्रकल्पांच्या अहवालांत ही पायरी 'डेटा संगणकाला पाठवला' एवढ्या वाक्यात उरकलेली असते. पण हवामानाची नोंद असो, कारखान्यातल्या मोटारीची थरथर असो की शेतातल्या मातीचा ओलावा, पुढचे सगळे आलेख, सरासऱ्या आणि निष्कर्ष याच पायरीवर उभे राहतात.

एकच आकडा पाठवायचा असेल तर फारसे काही अडत नाही. खोलीचे तापमान दर सेकंदाला पाठवले आणि त्यातला एखादा आकडा गळला, तरी पुढचा येतोच. अ‍ॅरेचे तसे नसते. त्यातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. सत्ताविसावा आकडा म्हणजे चौथ्या ओळीतला तिसरा ठिपका. आधीचा एक जरी आकडा गळला, तरी मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. सरकलेला प्रत्येक आकडा स्वतःपुरता खराच असतो. तो खरोखर मोजलेला असतो, तापमानाच्या नेहमीच्या मर्यादेत असतो. चुकलेले असते ते फक्त त्याचे ठिकाण. आलेखावर हे सहसा ओळखू येत नाही, सरासरीत तर मुळीच नाही. म्हणून या पुस्तकाचे सूत्र एकच आहे: नोंद हरवली तर चालेल, पण ती हरवल्याचे कळले पाहिजे, आणि संशयास्पद नोंद खरी म्हणून वहीत चढता कामा नये. पुढच्या पानांतले सगळे तंत्र या सूत्रापायी आले आहे.

अ‍ॅरेचा आकार हरवायला सुरुवात नोडच्या आतच होते. सी भाषेत अ‍ॅरे एखाद्या फंक्शनकडे सोपवला की त्याच्या पहिल्या घराचा पत्ता तेवढा जातो, लांबी मागेच राहते. त्या फंक्शनमध्ये 'साइझऑफ'ला विचारले तर अर्डुइनो उनोवर उत्तर येते २, कारण तिथे पत्ता दोन बाइटांचा असतो. १२८ बाइट पाठवायचे होते तिथे दोनच जातात आणि प्रोग्रॅम निमूट चालत राहतो. तारेवर आल्यावर उरलीसुरली माहितीही जाते. सिरियल तार एका वेळी एक बिट वाहते: आधी सुरुवातीचा एक बिट, मग बाइटाचे आठ, मग थांब्याचा एक. हा बाइट कोणत्या आकड्याचा, तो आकडा कितवा, अ‍ॅरे कुठे संपला, यातले काहीच तारेला ठाऊक नसते. मोडीतले जुने कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चटकन उमजेल. तिथे शब्द सुटे न करता ओळ सलग जाते आणि कुठे तोडायचे ते वाचणाऱ्याने जाणायचे असते. तारेवरचे बाइटही तसेच सलग येतात; मात्र संगणकाला संदर्भावरून शब्द लावता येत नाहीत. तोडण्याच्या जागा त्याच्याशी आधी ठरवून ठेवाव्या लागतात. या ठरावालाच आपण प्रोटोकॉल म्हणतो.

ठरावाआधी हिशेब करावा. ९६०० बॉडवर एका बाइटामागे दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. आपला सेन्सर प्रत्येक ठिपका दोन बाइटांत देतो. एक चित्र १२८ बाइटांचे, सेकंदाला दहा चित्रे, म्हणून १,२८० बाइट. ते ९६० मध्ये मावणार नाहीत हे कागदावर अर्ध्या मिनिटात कळते. बोर्डावर शोधत बसले तर संध्याकाळ जाते. कारण तिथे 'मावत नाही' असा संदेश कुणीच देत नाही. उनोचा पाठवण्याचा बफर ६४ बाइटांचा आहे. तो भरला की पाठवण्याची आज्ञा जागा रिकामी होईपर्यंत तिथेच खोळंबते, आणि सेन्सर वाचण्याचे कामही तिच्यामागे अडून राहते. आपल्याला दिसते ते एवढेच, की दहाऐवजी सातआठच चित्रे येत आहेत. बॉड ११५२०० केला की सेकंदाला ११,५२० बाइट जातात आणि प्रश्न मिटतो. दुरुस्ती एका ओळीची असते. ती कोणत्या ओळीत करायची हे हिशेब सांगतो.

मग आकडे कोणत्या रूपात पाठवायचे? सगळ्यांत सोपे म्हणजे मजकूर. '२६.२५' आणि त्यापुढचा स्वल्पविराम मिळून सहा अक्षरे होतात; चित्रामागे ३८४ बाइट, सेकंदाला ३,८४०. ११५२०० बॉडवर हे सहज मावते, त्यामुळे मजकुराला नाक मुरडायचे कारण नाही. स्वल्पविरामाने आकडे सुटे होतात, ओळ संपली की अ‍ॅरे संपतो, मोजणी चौसष्ट भरली नाही तर ओळ टाकून देता येते, आणि काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. नवा नोड बोलता करताना पहिल्या दिवशी हेच करावे. मात्र त्याचे दोन धोके ओळखून असावे. '२६.२५' मधला पहिला दोन गळला तर ६.२५ उरतात. मोजणी चौसष्टच भरते आणि आकडाही अशक्य वाटत नाही. दुसरे म्हणजे दशांशचिन्हापुढचे दोन अंक पाहून अचूकतेचा भास होतो. या सेन्सरची पायरी पाव अंशाची असली, तरी त्याचे मोजमाप अडीच अंशांनी इकडेतिकडे असू शकते.

बायनरीत आकडे मेमरीत जसे असतात तसेच जातात, आणि तिथे दोन्ही टोकांच्या सवयी आड येतात. सीमधला 'इंट' उनोवर दोन बाइटांचा, ईएसपी३२वर चार बाइटांचा. एका बोर्डावर नीट चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चढवला की प्रत्येक आकड्यामागे दोन बाइट वाढतात आणि संगणक जुन्याच मापाने तोडत बसतो. म्हणून ज्याच्या नावातच सोळा बिट लिहिले आहेत असा प्रकार घ्यावा, बोर्ड कोणताही असो. मग प्रश्न येतो बाइटांच्या क्रमाचा. २६.२५ अंश म्हणजे पाव अंशाच्या १०५ पायऱ्या. दोन बाइटांत त्या १०५ आणि ० अशा बसतात. धाकटा बाइट आधी पाठवायचा की थोरला? धाकटा आधी आलेला असताना थोरला आधी समजून वाचला तर आकडा होतो २६,८८०, आणि तापमान ६,७२० अंश, सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त! ही चूक निदान आरडाओरडा करते. धाकटा आधी म्हणणारे लिटल-एंडियन आणि थोरला आधी म्हणणारे बिग-एंडियन या पंथांचा वाद डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या टिपणात नोंदवला आणि शेवटी सांगितले की कोणताही एक क्रम निवडा, पण सगळे मिळून निवडा. मोडिकॉन कंपनीने १९७९ साली आणलेला आणि कारखान्यांत अजून चालणारा मॉडबस पाहिला तर हे सांगण्याची गरज पटते. त्याच्या सिरियल अवतारात आकड्यांचा थोरला बाइट आधी जातो, पण त्याच संदेशाच्या शेवटी असलेल्या तपासणीच्या आकड्याचा मात्र धाकटा आधी.

आता तोडण्याच्या जागा. संगणक ऐकायला बसतो तेव्हा नोड केव्हाचाच बोलत असतो, त्यामुळे हाती येणारा पहिला बाइट बहुधा एखाद्या चित्राच्या मधला असतो. एखादा ठरावीक बाइट हद्दीची खूण म्हणून वापरावा, तर तोच बाइट तापमानातही येऊ शकतो. समजा, आपण शून्य निवडले. ६४ अंशांखालचे प्रत्येक तापमान २५६ पायऱ्यांपेक्षा कमी भरते, म्हणजे त्याचा थोरला बाइट शून्यच. साध्या खोलीच्या एका चित्रात अशी चौसष्ट शून्ये असतील आणि प्रत्येक ठिपक्यापाशी चित्र संपल्याचा भास होईल. १९८८ च्या आरएफसी १०५५ मध्ये नोंदलेली 'स्लिप' पद्धत यावर सरळ तोड काढते. संदेश संपल्याची खूण १९२. डेटातच १९२ आला तर त्याऐवजी २१९ आणि २२० ही जोडी पाठवायची, आणि २१९ आला तर २१९ आणि २२१. दहा ओळींत लिहून होते, पण डेटा नेमका वाईट निघाला तर लांबी दुप्पट होऊ शकते. स्टुअर्ट चेशर आणि मेरी बेकर यांनी १९९७ साली मांडलेली 'कॉब्ज' पद्धत जास्त हुशार आहे. ती डेटातले प्रत्येक शून्य काढून त्याजागी पुढचे शून्य किती घरांवर आहे तो आकडा ठेवते. मग डेटात शून्य उरतच नाही आणि ते हद्दीच्या खुणेसाठी मोकळे होते. याची किंमत दर २५४ बाइटांमागे फार तर एक बाइट. शून्यांनी गच्च भरलेल्या आपल्या चित्रालाही एकच.

हद्द कळली तरी मजकूर वाटेत बिघडला नाही ना, हे वेगळे तपासावे लागते. सगळ्या बाइटांची बेरीज पाठवली तर दोन बाइटांची अदलाबदल तिच्या नजरेतून सुटते. वेस्ली पीटरसन आणि ब्राउन यांनी १९६१ साली मांडलेली सीआरसी याहून कडक आहे. सोळा बिटांची नीट निवडलेली सीआरसी सलग सोळा बिटांपर्यंतचा कोणताही एक बिघाड पकडते. पण जे चित्र आलेच नाही त्याबद्दल ती काय बोलणार? त्यासाठी प्रत्येक चित्राला क्रमांक द्यावा. ४१ नंतर ४३ आला की ४२ हरवले, हे विनावाद कळते. आणि वेळ? ती नोडनेच लिहून पाठवावी. संगणकाला चित्र कधी मिळाले ही चित्र कधी टिपले गेले याची वेळ नव्हे. मध्ये बफर असतात, वाट पाहणे असते. नोडचा मिलिसेकंदांचा चार बाइटी काटा सुमारे ५० दिवसांनी शून्यावर येतो, हे मात्र संगणकाकडच्या प्रोग्रॅमला ठाऊक हवे. क्रमांकाचे दोन, वेळेचे चार, चित्राचे १२८, सीआरसीचे दोन, कॉब्जचा एक आणि हद्दीचा एक मिळून १३८ बाइट झाले. ११५२०० बॉडवर हा सगळा संसार बारा मिलिसेकंदांत पोचतो आणि पुढच्या चित्राआधी भरपूर उसंत उरते.

इथे कुणी विचारेल, थोरला बाइट शून्यच असतो तर पाठवायचा कशाला? चांगला प्रश्न आहे. फक्त माणूस ओळखायचा असेल तर ठिपक्यामागे एक बाइट पुरतो. चित्र ६४ बाइटांवर येते, सेकंदाला ६४० बाइट होतात आणि वर क्रमांक, वेळ, तपासणी धरूनही ९६०० बॉडचा दरवाजा उघडतो. पण हा सेन्सर ८० अंशांपर्यंत मोजतो. समोर चहाचे उकळते आधण आले आणि ठिपका ६५ अंशांवर गेला, तर त्याच्या २६० पायऱ्या होतात. एका बाइटात २६० मावत नाहीत. थोरला भाग कापला जाऊन उरतात ४, आणि पडद्यावर उकळत्या पातेल्याच्या जागी एक अंशाचा बर्फगार ठिपका दिसतो. म्हणून बचत करताना २५५ वर बांध घालावा आणि ठरावात लिहून ठेवावे: '२५५ म्हणजे ६३.७५ अंश किंवा त्याहून अधिक'. जागा वाचवायला हरकत नाही, मात्र वाचवलेल्या जागेने खोटे बोलू नये.

तार काढून रेडिओ आणला की हिशेब पुन्हा मांडावा लागतो. झिगबीच्या मुळाशी असलेल्या आयट्रिपलई ८०२.१५.४ या मानकात एका चौकटीची कमाल लांबी १२७ बाइट आहे, पत्ते आणि तपासणी धरून. आपले चित्र १२८ बाइटांचे! ते तोडून पाठवणे आले; कोणता तुकडा कोणत्या चित्राचा आणि कितवा, हे प्रत्येक तुकड्यावर लिहिणे आले; आणि एखादा तुकडा हरवला तर काय, हे ठरवणे आले. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तम उत्तर २००५ साली इक्वेडोरमधल्या रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर पाहायला मिळाले. हार्वर्डचे मॅट वेल्श आणि त्यांचे सहकारी यांनी डोंगराच्या अंगावर १६ नोड बसवले आणि १९ दिवस चालवले. प्रत्येक नोड भूकंपमापक आणि अवश्राव्य ध्वनीचा मायक्रोफोन यांच्याकडून सेकंदाला शंभर नमुने घेत असे. नोडांकडून नोडांकडे उड्या मारत जाणाऱ्या रेडिओवर एवढा ओघ पेलणे शक्य नव्हते. म्हणून सगळे नमुने नोड स्वतःच्या फ्लॅश मेमरीत फिरत्या पद्धतीने साठवत राहिले. पुरेशा नोडांनी 'काहीतरी घडले' असे कळवले की तळावरचा संगणक एकेका नोडकडून साठ सेकंदांचा तुकडा मागून घेई आणि जे भाग पोचले नाहीत तेवढेच पुन्हा मागे. घड्याळांनीही तिथे त्रास दिला. नोडांच्या वेळा आपसांत जुळवणारी यंत्रणा अधूनमधून बिघडली, तेव्हा त्या नोंदींच्या वेळा मागाहून हिशेबाने दुरुस्त कराव्या लागल्या. त्या दुरुस्तीला आधार मिळाला तो वेळेच्या जपून ठेवलेल्या नोंदींचाच.

संगणकाकडची बाजू सोपी समजून पुष्कळजण शेवटी घाईत लिहितात. पायथनमध्ये पोर्टकडे बाइट मागितले की मुदत संपेपर्यंत जेवढे आले तेवढेच हाती पडतात. ते अर्धे चित्रही असू शकते. म्हणून आधी साठवावे, मग हद्द शोधावी, मग सीआरसी तपासावी आणि त्यानंतरच चौसष्ट आकडे आठ बाय आठमध्ये मांडावेत. चित्र काढायला वेळ लागला तर येणारे बाइट ऑपरेटिंग सिस्टीमच्या बफरमध्ये साचतात आणि पडद्यावर जुनाच काळ दिसत राहतो. हात हलवल्यावर उशिरा हलणारा पडदा तो हाच. शिवाय सी आणि पायथनमधली नमपाय लायब्ररी आकडे ओळीने मांडतात, मॅटलॅब रकान्याने. आठ बाय आठ चौरस असल्यामुळे आडवे-उभे झाले तरी कुठलीही तक्रार न येता चित्र कर्णावर उलटते. चौकोन लांबट असता तर ते उलटलेपण निदान आकारावरून उघडे पडले असते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात मजकुरी पद्धत, दुसऱ्यात बायनरी आणि बाइटांचा क्रम, तिसऱ्यात हद्दी, सीआरसी, क्रमांक आणि वेळ. चौथ्या भागात तार लांबवायची कशी ते येते: शेताच्या बांधापासून घरापर्यंत आरएस-४८५, जिची तार १,२०० मीटरपर्यंत नेता येते, आणि नंतर रेडिओ. शेवटच्या भागात मेलेक्सिसचा एमएलएक्स९०६४० घेतला आहे. त्याचे ७६८ ठिपके दोन बाइटांनी १,५३६ बाइट होतात आणि उनोची सगळी रॅमच २,०४८ बाइटांची आहे. तिथे बोर्ड बदलणे हेच शहाणपण. इंटरनेटवरचे सर्व्हर आणि डेटाबेस यांना इथे जागा दिलेली नाही. त्यांच्यावर पुस्तके पुष्कळ आहेत, आणि तारेतच घरे चुकलेला अ‍ॅरे कितीही मोठ्या सर्व्हरवर नेऊन ठेवला तरी त्याची घरे चुकलेलीच राहतात. वाचकाला सीची आणि पायथनची तोंडओळख असावी, एवढीच अपेक्षा आहे. उदाहरणे उनो आणि ईएसपी३२ या बोर्डांवर आहेत, कारण ते प्रयोगशाळांत आणि दुकानांत सहज मिळतात.

पुस्तक हातात घेऊन लगेच काही करून पाहायचे असेल, तर आधी सेन्सर काढून ठेवा. तापमानाऐवजी ० ते ६३ हे आकडे क्रमाने अ‍ॅरेत भरा आणि तेच पाठवा. आता प्रत्येक आकडा स्वतःची जागा स्वतःच सांगतो. क्रम उलटला, घर सरकले, आडव्याचे उभे झाले की त्याच क्षणी दिसते. मग पाठवणे चालू असतानाच नोडकडून संगणकाकडे जाणारी डेटाची तार उपटा आणि पाच सेकंदांनी पुन्हा लावा. नोडचा वीजपुरवठा मात्र चालू राहू द्या. पन्नासच्या आसपास चित्रे हरवायला हवीत. नेमकी किती आणि कितव्या क्रमांकापासून, हे संगणकाने न विचारता सांगितले आणि अर्धवट आलेले एकही चित्र वहीत चढू दिले नाही, तर ठराव पक्का झाला. मग खुशाल सेन्सर जोडा.